रडणारे बाळ उचलल्याने बिघडत नाही

‘लगेच उचलू नकोस गं, हाताची सवय लागेल!’ बाळ रडायला लागले की घरातल्या वडीलधाऱ्या बायका हे वाक्य हमखास म्हणतात. श्रीरामपुरात काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय, हा सल्ला इतका रुळला आहे की पहिलटकरीण आपल्याच बाळाला उचलताना आधी सासूकडे बघते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न जवळजवळ रोज विचारला जातो. म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

रडणे हीच बाळाची भाषा

तान्ह्या बाळाला हट्ट करता येत नाही. ‘आपण रडलो की आई धावत येते, चला तिला पळवू’ असा डाव रचण्याइतका त्याचा मेंदू तयारच झालेला नसतो. भूक, ओले दुपटे, पोटातला वायू, थंडी, उकाडा किंवा नुसते एकटे वाटणे, या सगळ्यांसाठी त्याच्याजवळ रडणे हा एकच शब्द असतो. रडल्यावर कोणीतरी येते, जवळ घेते, बरे वाटते, असे शेकडो वेळा घडले म्हणजे बाळाच्या मनात भरवसा तयार होतो. या भरवशाच्या नात्याला ‘सुरक्षित भावबंध’ म्हणतात.

या विषयाचा पाया इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी घातला. घराला पारख्या झालेल्या मुलांविषयीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात घरोघरी जाऊन आया आणि बाळांचे निरीक्षण केले. वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर गेली की मूल रडो वा न रडो, आई परत आल्यावर ते काय करते, हे त्यांनी पाहिले. भरवसा असलेले मूल आईकडे झेपावते, शांत होते आणि पुन्हा खेळायला लागते.

‘सवय लागेल’ या भीतीचे उत्तर यातच आहे. असे मूल दिवसभर आईला चिकटून बसत नाही. आई आहे, हे ठाऊक असल्यामुळेच ते रांगत रांगत तिच्यापासून दूर जाते.

माहेरपण आणि बाळाचे वडील

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. वडील रविवारी येऊन बाळाचे तोंड पाहून जातात. तीन-चार महिन्यांनी बाळ सासरी येते, नवे घर आणि नवे चेहरे पाहून रडते आणि वडील म्हणतात, ‘हे माझ्याकडे येतच नाही.’ हा भावबंध नुसत्या रक्ताच्या नात्याने जुळत नाही, रोजच्या करण्यातून जुळतो. वडिलांनी लंगोट बदलावा, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, रात्री थोपटून झोपवावे. बाळाचा जीव एकाच माणसावर जडतो असे नाही. आई, वडील, आजी, आजोबा अशा दोन-चार माणसांवर तो जडू शकतो.

साधारण सात-आठ महिन्यांनंतर बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते. ही वाढीची खूण आहे. अशा वेळी पाहुण्यांनी बाळाला ओढून घेऊ नये. ते आईच्या मांडीवर असतानाच त्याच्याशी बोलावे. आजीनेही ‘मला ओळखत नाही’ म्हणून रुसू नये!

कमी वजनाचे बाळ

बाळ लवकर किंवा कमी वजनाचे जन्मले तर आई हात लावायलाही घाबरते. अशा बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभे धरून ठेवतात. याला ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. तिची सुरुवात १९७८ साली कोलंबियात झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कांगारू पद्धतीने सांभाळलेल्या बाळांचे वजन अधिक चांगले वाढले आणि अंग गार पडण्याचे प्रमाणही कमी राहिले. ही पद्धत डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीही चालू ठेवता येते.

कष्टकरी आईने काय करावे?

‘डॉक्टर, दिवसभर बाळाजवळ बसले तर पोट कसे भरायचे?’ हा प्रश्न खरा आहे. उसाच्या हंगामात बीड-पाथर्डीकडून आलेली आई पहाटे कोपीतून फडात जाते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. यात दोष आईचा नाही. मात्र बाळाजवळ कोणीतरी मोठे, रोजचे तेच माणूस असावे. शेतमालकांनी बांधावर सावलीची सोय करून दिली, तर आईला मधूनमधून येऊन पाजता येईल.

किती वेळ दिला याबरोबरच कसा दिला, हेही महत्त्वाचे. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचे चांगले दिसते. दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवावा आणि बाळाकडे पाहावे. तेल लावताना, न्हाऊ घालताना बोलावे. त्याने हुंकार दिला की आपणही द्यावा आणि थांबून त्याची पाळी येऊ द्यावी. कामाला जाताना चोरून निघू नये. ‘येते हं’ म्हणून जावे. मूल क्षणभर रडेल, पण आई न सांगता नाहीशी होते ही धास्ती त्याला राहणार नाही.

प्रत्येक रडण्याला क्षणात धावलेच पाहिजे असेही नाही. हातात भाकरीचे पीठ असते, कधी रडण्याचे कारणच कळत नाही. उशीर झाला तर नंतर जवळ घ्यावे. तुटलेला धागा पुन्हा जोडला जातो, हेही बाळ शिकते.

हे मात्र विसरू नका

साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळे सर्वांत जास्त रडतात. रडणे असह्य झाले तरी बाळाला कधीही जोराने हलवू नका. त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला पाठीवर सुरक्षित निजवून दुसऱ्या कोणाला हाक मारा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा कोणतेही बाळ दूध पिईनासे झाले वा मलूल पडले, तर त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल, हसत नसेल, तरीही तपासून घ्या.

बाळंतिणीकडेही लक्ष असू द्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती सारखी रडत असेल, झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. ‘नखरे’ किंवा ‘बाहेरचे’ म्हणून वेळ दवडू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बाळाला धीर देणाऱ्या आईला घरानेही धीर दिला पाहिजे. तेव्हा आजीबाईंनो, सून बाळाला उचलत असेल तर उचलू द्या. ती दमली असेल, तर तुम्ही उचला.