टर्मिनलवरचा ‘वऱ्हाड’ : मराठी अक्षरं बिघडलेली दिसली, तर बिघाड शोधायचा कुठे?

आजचा विषय वरवर छोटा वाटेल, पण लिनक्सवर मराठी मजकुराशी काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतोच. टर्मिनल उघडलं, मराठी नावांची फाइल पडद्यावर आणली, आणि समोर काय? कुठे रिकामे चौकोन, कुठे प्रश्नचिन्हं, कुठे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली. आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, “हे काय होय बा?” आणि दुसऱ्या मिनिटाला तो फाइल ‘दुरुस्त’ करायला बसतो.

खरा धोका इथेच आहे. पुष्कळदा फाइल ठणठणीत असते, बिघाड दाखवणाऱ्यात असतो. पडद्यावर नीट दिसावं म्हणून आपण वेलांटी मागेपुढे केली, की चांगली नोंद बिघडते. ती नोंद एखाद्या यादीतलं कुणाचं नाव असेल, तर उद्या शोधताना ते नाव सापडत नाही. म्हणून आज एकच गोष्ट शिकू: बिघाड कोणत्या थरात आहे ते आधी ओळखायचं, आणि तोवर फाइलला हात लावायचा नाही.

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे काय?

पूर्वी टर्मिनल हे खरंखुरं यंत्र होतं. डीईसी कंपनीचं व्हीटी-१०० हे १९७८ सालचं यंत्र त्यातलं गाजलेलं. ८० स्तंभ, २४ ओळी, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. आज आपण खिडकीत जे उघडतो, ते अशा यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे. म्हणून त्याला एम्युलेटर म्हणतात. घरांची ती वही मात्र अजून तशीच आहे.

इंग्रजीला ती वही चालते. आपल्या लिपीचं तसं नाही. ‘अमरावती’ डोळ्याला पाच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती सात चिन्हं आहेत, कारण काना आणि दीर्घ वेलांटी वेगळी मोजली जातात. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २१ बाइट. आता कान्याला स्वतंत्र घर द्यायचं की नाही, यावर सगळ्या प्रोग्रॅमांचं एकमत नाही. शेल एक मोजतो, एम्युलेटर दुसरं मोजतो, आणि कर्सर भलतीकडेच उभा राहतो.

चाचणीची फाइल

आधी एक छोटी फाइल बनवा. अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके आणि अकोल्याचे ७, अशा २१ ओळी. यात परीक्षेला लागणारं सगळं आहे: ‘चिखलदरा’मध्ये सुरुवातीलाच ऱ्हस्व वेलांटी, ‘तेल्हारा’मध्ये जोडाक्षर, ‘मूर्तिजापूर’ आणि ‘बार्शीटाकळी’मध्ये रफार. शेवटी दोन ओळी वाढवा: ‘वऱ्हाड’, आणि तिवसा तालुक्यातलं ‘कुऱ्हा’. या दोन ओळी का, ते पुढे कळेल.

पहिला थर: बाइट

‘हेक्सडंप’ या आज्ञेला ‘वजा कॅपिटल सी’ हा पर्याय द्या आणि फाइल बघा. देवनागरी मजकूर असेल तर ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ अशा जोड्या पुन्हा पुन्हा दिसतील. दिसल्या, तर मजकूर यूटीएफ-८ मध्ये शाबूत आहे. तीच फाइल ब्राउझरमध्येही उघडून बघा. तिथे नीट दिसली, तर फाइल निर्दोष समजा आणि पुढच्या थराकडे चला.

दुसरा थर: लोकेल

लोकेल म्हणजे प्रोग्रॅमला दिलेली सूचना, की मजकूर कोणत्या संकेतात आहे. ‘कॅट’ने फाइल नीट दिसते, पण ‘लेस’मध्ये कोनी कंसातले आकडे दिसतात, असं झालं तर दोष बहुतेक इथे आहे. ‘कॅट’ बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतो. ‘लेस’ मात्र लोकेलला विचारतो. ‘लोकेल’ ही आज्ञा द्या. उत्तरात नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ आलं, तर कारण सापडलं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. मराठी दिसण्यासाठी मराठीच लोकेल हवं असं नाही. यूटीएफ-८ चं कोणतंही चालतं, ‘सी डॉट यूटीएफ-८’ सुद्धा. वर्णमालेच्या क्रमाने यादी लावायची असेल, तेव्हा मराठी लोकेलचा उपयोग होतो. आणि एक ध्यानात ठेवा, ‘एलसी-ऑल’ला काही किंमत दिलेली असेल तर ती ‘लँग’वर मात करते. एसएसएचने दुसऱ्या सर्व्हरवर गेलात, तर तिथलं लोकेल वेगळं तपासा. आपल्या मशीनवर आहे म्हणून तिथे बसवलेलं असेलच असं नाही.

‘कॅट’ने सुद्धा टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील, तर एम्युलेटरच यूटीएफ-८ म्हणून वाचत नाहीये. त्याच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग बदला. एक्सटर्म वापरत असाल तर त्याऐवजी ‘यूएक्सटर्म’ सुरू करा.

तिसरा थर: फॉन्ट

रिकामे चौकोन म्हणजे निवडलेल्या फॉन्टात ती अक्षरं नाहीत. ‘एफसी-लिस्ट’ला भाषा ‘एमआर’ सांगा. मराठी येणारे फॉन्ट तो दाखवेल. यादी रिकामी आली तर लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी बसवा आणि एम्युलेटर बंद करून पुन्हा उघडा.

चौथा थर: अक्षरांची जुळणी

अक्षरं ओळखू येतात, पण वेलांटी मागे पडते, रफार चढत नाही, हलन्त उघडा राहतो. ही जुळणीची अडचण. एक्सटर्म जुना आणि भरवशाचा आहे, पण भारतीय लिप्यांची जुळणी तो करत नाही. कितीही फॉन्ट बदला, फरक पडणार नाही. अशा वेळी एमएलटर्म वापरून बघा. अनेक लिप्या दाखवण्यासाठीच तो लिहिलेला आहे. किंवा मजकूर संपादकात वाचा आणि टर्मिनलवर फक्त आज्ञा चालवा. यातही काही कमीपणा नाही.

आणखी दोन दुखणी, अक्षरांशी संबंध नसलेली. चुकून एखादी बायनरी फाइल ‘कॅट’ केली आणि सगळा पडदाच विचित्र झाला, तर ‘रिसेट’ टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेलं दिसलं नाही तरी चालेल. बाणांच्या कळा दाबल्यावर भलतीच चिन्हं उमटत असतील किंवा सर्व्हर ‘टर्मिनलचा प्रकार माहीत नाही’ म्हणत असेल, तर ‘टर्म’ या चलाची किंमत तपासा.

आता ‘वऱ्हाड’

समजा, सगळं नीट दिसतंय. तरी ‘ग्रेप’ने ‘वऱ्हाड’ शोधलं तर काही ओळी सापडतात, काही सुटतात. असं का? आपला हा ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त, मग ‘ह’. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं, मग हलन्त, मग ‘ह’. तीन, साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा जोडक, मग ‘ह’. पडद्यावर तिन्ही सारखेच. ‘प्रिंटएफ’ने शब्द ‘डब्ल्यूसी वजा सी’कडे पाठवून मोजा: पहिला १८ बाइट, दुसरा आणि तिसरा २१. ‘ग्रेप’ला रूप कळत नाही, त्याला बाइट कळतात.

यावर उपाय आहे. आयसीयू संचातल्या ‘यूकॉन्व्ह’ला ‘एनएफसी’ रूपांतर सांगितलं, की दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते, कारण युनिकोड त्या दोघींना समान मानतं. तिसरी मात्र तशीच राहते. तिच्यासाठी ‘सेड’चा वेगळा नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक दिसले की ऱ, हलन्त करायचं. हे नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइल बाजूला ठेवा, आणि ओळींची संख्या आधी-नंतर ताडून बघा.

ज्याच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे, किंवा ज्याचं गाव कुऱ्हा आहे, त्याचं नाव यादीत असूनही शोधात न येण्याचं कारण एवढं बारीक असू शकतं. पडदा स्वच्छ दिसला म्हणून तपासणी संपली असं समजू नका. आज घरी गेल्यावर ती २३ ओळींची फाइल बनवा, ‘वऱ्हाड’ तिन्ही तऱ्हांनी लिहा आणि ‘ग्रेप’ला शोधायला लावा. प्रश्न असतील ते आता घेऊ या.