रॉकॉलवरची पोटुशी

या आठवड्यात गोगलगाईच्या दातांबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण दात थांबतील. रत्नागिरीच्या एका वाचकाच्या पत्रानं लेखमालेची वाट वाकडी केली आहे. अभ्यासकांनी दिलेली ११३ नावं मिरवणाऱ्या लिटोरिना सॅक्सॅटिलिस या किनाऱ्यावरच्या गोगलगाईला पोहता येत नाही, तिची पिल्लंही पाण्यावर तरंगत नाहीत. मग ती आइसलँडला पोचली कशी?

प्रश्न नेमका आहे. तिची चुलत बहीण लिटोरिना लिटोरिया अंडी पाण्यात सोडून मोकळी होते आणि अळ्या कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात. सॅक्सॅटिलिसची मादी मात्र पिल्लं अंगातल्या पिशवीत वाढवते. रव्याच्या कणाएवढं पिल्लू शंखासकट बाहेर येतं आणि आईच्याच खडकावर रांगू लागतं.

तरीही भर अटलांटिकातल्या रॉकॉलवर, म्हणजे जेमतेम सतरा मीटर उंचीच्या एकाकी सुळक्यावर, राहते ती हीच घरकोंबडी. भटकी लिटोरिया तिथे नाही! स्वीडनच्या संशोधक केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ मध्ये हे कोडं मांडलं आणि सोडवलंही. लिटोरियाच्या चार अळ्या तिथे पोचल्या, वाढल्या, तरी त्यांची पुढची पिढी प्रवाह कुठल्या कुठे नेणार. उलट, वाहत्या शेवाळाला चिकटून एकच पोटुशी सॅक्सॅटिलिस आली, की वस्ती झाली. शिवाय तिच्या पोटातली पिल्लं एका बापाची नसतात. तपासलेल्या काही माद्यांत प्रत्येकीच्या पिल्लांचे निदान पंधरा-वीस बाप निघाले. एकटी येते, पण गावभरचा वारसा घेऊन.

म्हणूनच तिचा नकाशा बॅरेंट्स समुद्रापासून जिब्राल्टरपर्यंत आणि पलीकडे ग्रीनलँड, अमेरिकेचा पूर्व किनारा असा पसरलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोला मात्र तिला माणसानं नेलं. मेन राज्यातून गळाला लावायचे किडे शेवाळात गुंडाळून जात, त्यातून ती आयतीच गेली.

एकाच जातीला ११३ नावं पडली, त्या गोंधळाचं मूळही पिल्लांच्या त्याच पिशवीत आहे. पिल्लं दूर जात नाहीत, म्हणून प्रत्येक खडक आपापला शंख घडवतो. खेकडे असतील तिथे जाड कवच, अरुंद तोंड. लाटा आपटत असतील तिथे पातळ, बुटका शंख आणि घट्ट धरायला मोठा पाय. जुन्या अभ्यासकांना या वेगवेगळ्या जाती वाटल्या, यात त्यांचा फारसा दोष नाही.

१९८८ मध्येच स्वीडनच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या खडकांवरच्या गोगलगाई विषारी शैवालानं मेल्या. अशाच एका रिकाम्या, लाटा झेलणाऱ्या खडकावर योहानेसन यांनी १९९२ मध्ये खेकड्यांच्या शेजारच्या सुमारे ७०० जाडकवची गोगलगाई नेऊन सोडल्या. तीस वर्षांत त्यांचे वंशज लाटांतल्यांसारखे बुटके, पातळ शंखाचे झाले. अठराव्या शतकातल्या एखाद्या पंडितानं त्यांना बिनदिक्कत ११४वं नाव दिलं असतं.

पत्रात दुसराही प्रश्न आहे: १७९२ मध्ये तिचं पहिलं वर्णन लिहिणाऱ्या ओलिव्ही या अभ्यासकाला ही गोगलगाय व्हेनिसमध्ये, म्हणजे बाकीच्या गोतावळ्यापासून इतक्या दूर, सापडली कशी? तो पुढच्या आठवड्यात. दात त्यानंतर.