भार सुटला की आधार सुटतो

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील उंच इमारतींत राहणाऱ्यांच्या हा परिचयाचा अनुभव आहे : लिफ्ट वरच्या मजल्यावरून खाली निघते, त्या क्षणी शरीर किंचित हलके वाटते. वास्तविक पृथ्वीचे आकर्षण तेव्हा कमी झालेले नसते. आपल्याला जाणवणारे वजन म्हणजे पायांखालच्या जमिनीने आपल्याला वर दिलेला रेटा. लिफ्ट खाली वेग घेताना तो घटतो. जमीनही आपल्याबरोबर मुक्तपणे पडू लागली, तर तो शून्य होईल. हीच वजनरहित अवस्था.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नेमके हेच घडते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण भूपृष्ठाच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक अखंड पृथ्वीकडे पडत असते; परंतु ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते पुढेही जात असल्यामुळे पृथ्वीची गोलाई तितकीच खाली वळत जाते आणि ते जमिनीवर येत नाही.

या अवस्थेची किंमत शरीराला मोजावी लागते. भार वाहणे हे हाडांचे कामच आहे. ते थांबले की शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा सुमारे १ ते १.५ टक्के घटते, पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. म्हणून ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा त्यांनाही यानातून बाहेर येताना आधार द्यावा लागला.

आपल्या घरातील अंथरुणाचा येथे संबंध येतो. आडवे पडल्यावर शरीराचा भार पायांतून जातच नाही. म्हणूनच वजनरहित अवस्थेचे परिणाम अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ निरोगी स्वयंसेवकांना कित्येक आठवडे बिछान्यात झोपवून ठेवतात. तापातून उठलेल्या आजींना ‘तुम्ही उठू नका, सारे हातात आणून देतो’ असे आपण प्रेमाने म्हणतो. पण त्या प्रेमाने त्यांचे पाय दुबळे होतात आणि पुढे पडण्याचा धोका वाढतो.

अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा हृदयविकार असल्यास प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांची हरकत नसेल, तर उठताना आधी दोन-तीन मिनिटे पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसावे. दीर्घकाळ पडून राहिल्यावर उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. नंतर हात असलेल्या भक्कम खुर्चीतून पाच वेळा उठावे-बसावे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. शुश्रूषा करणाऱ्याने दुबळ्या बाजूला उभे राहावे. आधार द्यावा, पण उचलून घेऊ नये. घेरी आली किंवा छातीत दुखले, तर लगेच बसवून डॉक्टरांना कळवावे.

जेवणासाठी टेबलापर्यंत चालत जाणे हाही वृद्धांसाठी व्यायामच आहे. वेळ लागला तरी तो त्यांना करू द्यावा.