फॉल लाइन म्हणजे काय?

डोंगरउतारावर चेंडू सोडला तर तो ज्या वाटेने घरंगळेल, ती स्कीइंगमधली ‘फॉल लाइन’. तिच्यावरून सरळ सुटलात तर वेग वाढतच जातो. आडवी वळणं घेतली की आवरतो. औली, गुलमर्गचा हा धडा. पिंपळगाव बसवंतच्या उत्तरेला सातमाळ्याच्या डोंगररांगेत बर्फ कुठला! पण पावसाचं पाणी याच रेषेने माती घेऊन धावतं. म्हणून सलग समतल चर तिला काटकोनात खोदतात.

भूगोलात अर्थ निराळा. पूर्व अमेरिकेत जिथे कठीण खडक संपून किनाऱ्याचा मऊ गाळ सुरू होतो, ती धबधब्यांची रेषा. रिचमंड, फिलाडेल्फिया तिच्यावरच वसली.

पुन्हा आपल्या डोंगरावरच्या चरांकडे: ते आखताना नजरेवर विसंबू नका. समपातळी दाखवणारी ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर वापरा.