मूत्रपिंडाच्या पेशीही उजळणी करतात

परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी पेपर संपला की उडून जाते. मध्ये खंड पाडून, थोडं थोडं पाठ केलेलं मात्र टिकतं. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करकरून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये हे मांडलं. तेव्हापासून ही करामत मेंदूचीच, असं आपण धरून चाललो.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या निकोलाय कुकुश्किन आणि टॉमस कॅर्यू यांच्या गटाने २०२४ मध्ये हाच प्रयोग मेंदूबाहेरच्या पेशींवर केला. काही पेशी मूळच्या मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या, काही चेतापेशींच्या गाठीतल्या. दोन्ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या. त्यांत काजव्याच्या प्रकाशाचा जनुक असा बसवला, की स्मृतीशी निगडित जनुकांची कळ दाबली गेली की पेशी उजळावी. मग एका गटाला ठरावीक रसायन तीन मिनिटं दिलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा तीन मिनिटं. असं चार वेळा. दुसऱ्या गटाला तेच रसायन सलग बारा मिनिटं. मात्रा आणि एकूण वेळ दोन्हीकडे सारखीच. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर खंड पाडून डोस मिळालेल्या पेशी जास्त उजळत होत्या.

हे घडवतात ईआरके आणि क्रेब ही दोन प्रथिनं. क्रेब डीएनएवर बसून जनुकं सुरू करतं. दोघांपैकी एकाला रोखलं, की खंडाचा फायदा नाहीसा होतो. दीर्घकालीन स्मृतीत क्रेबचं काम काय, हे एरिक कॅन्डेल यांच्या प्रयोगशाळेने समुद्री गोगलगाईत आधीच दाखवलं होतं. आता तेच क्रेब मूत्रपिंडाच्या पेशीतही काम करताना दिसलं. म्हणजे चेतापेशींचं जाळं नसतानाही, संकेत कोणत्या अंतराने आले याची नोंद एकटी पेशी ठेवू शकते. मला या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

अर्थात या नोंदीत चेहरे नाहीत, चवी नाहीत, प्रसंग नाहीत. हृदय बदललं की दात्याच्या आवडीनिवडीही येतात, या ऐकीव गोष्टींना इथे काडीचाही आधार मिळत नाही. शोधायला हवं ते वेगळंच: औषध तेवढंच ठेवून नुसतं दोन डोसांमधलं अंतर बदललं, तर कर्करोगाची पेशी किंवा स्वादुपिंडाची पेशी वेगळी वागेल का?