चित्र जपा, त्याचा पत्ताही जपा

पिंटरेस्टवर खातं उघडायला पाच मिनिटं पुरतात. त्याचा खरा उपयोग करून घ्यायचा, तर आधी थोडं समजून घ्यायला हवं.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला की मराठी घरात पहिली चर्चा दोन गोष्टींची होते. देवघर कुठे बसवायचं आणि ओटा केवढा ठेवायचा? मग फोटोंचा ओघ सुरू होतो. पुण्याहून नणंद देव्हाऱ्यांचे फोटो पाठवते, साताऱ्याहून मावशी मांडणीवरच्या पितळी डब्यांचे. येता-जाता आपण घेतलेले स्क्रीनशॉट वेगळेच. सुतार येऊन ‘डिझाइन दाखवा’ म्हणतो, तेव्हा नेमका हवा तो फोटो सापडत नाही. सापडलाच तर तो कुठला, कोणी केलेला, लाकूड कोणतं, मापं काय, यातलं काहीच कळत नाही.

पिंटरेस्ट नेमकं याच कामासाठी आहे. इंटरनेटवरची चित्रं विषयवार लावून ठेवायची आणि प्रत्येक चित्रासोबत ते मुळात कुठून आलं याची खूणही जपायची, अशी ही विनामूल्य सोय. गुगलवर चित्र शोधताना आपण अनेकदा नकळत तिथं पोचलेलो असतो. पण स्वतःचं खातं उघडून ते पद्धतशीर वापरायचं मात्र राहून जातं.

मूड बोर्डचा शेजार

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने वसवलेली, सात सेक्टरांची ही वसाहत आज स्टार्टअप कंपन्यांसाठी ओळखली जाते. इथल्या सत्ताविसाव्या मेन रोडवर निफ्टचं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं, केंद्र आहे. निफ्टची स्थापना दिल्लीत १९८६ साली झाली आणि बेंगळुरूचं केंद्र १९९७ मध्ये आलं. डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘मूड बोर्ड’ हा शब्द रोजचा असतो. कपडा बेतण्याआधी किंवा खोली सजवण्याआधी रंगांचे नमुने, कापडाचे तुकडे, मासिकांतली चित्रं, एखादं वाळलं पान असं सगळं एका फलकावर टाचण्यांनी लावायचं, शेजारीशेजारी ठेवून पाहायचं, जे जुळत नाही ते काढून टाकायचं. काय हवं आहे ते आधी डोळ्यांना दिसावं आणि मग कात्री चालावी, हा त्यामागचा विचार.

पिंटरेस्टने हाच फलक पडद्यावर आणला. ‘कालनिर्णय’च्या पानामागची पाककृती कापून कात्रणवहीत चिकटवणाऱ्या आपल्या घरांना ही रीत अनोळखी वाटायचं कारण नाही.

पिंटरेस्टची सुरुवात मार्च २०१० मध्ये अमेरिकेत झाली. बेन सिल्बरमन, पॉल शियारा आणि इव्हान शार्प हे तिघे संस्थापक. सिल्बरमन यांना लहानपणी कीटक जमवण्याचा छंद होता. शार्प वास्तुकलेचे विद्यार्थी होते आणि अभ्यासासाठी साठवलेल्या चित्रांची नीट मांडणी कशी करावी, हा त्यांचा रोजचाच प्रश्न होता. लहानमोठी चित्रं उभ्या रांगांत एकाखाली एक बसवणारी पिंटरेस्टची ओळखीची रचना त्यातूनच घडली. पहिल्या नऊ महिन्यांत दहा हजार माणसंही जमली नव्हती. सुरुवातीला निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता, ती अट ऑगस्ट २०१२ मध्ये उठली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली आणि २०२४ मध्ये दरमहा वापरणाऱ्यांची संख्या ५० कोटींच्या वर गेली. इतर समाजमाध्यमांवर माणूस मुख्यतः आपलं झालेलं काम किंवा आलेला अनुभव सांगतो. इथं येणारा बहुधा पुढे काय करायचं आहे ते शोधत असतो. हा फरक लक्षात ठेवला की वापर सोपा होतो.

सुरुवात कशी करावी

ॲप फोनवर उतरवून घ्या किंवा संगणकावर संकेतस्थळ उघडा. ईमेल किंवा गुगल खात्याने नोंदणी होते. वयाची किमान अट १३ वर्षांची आहे. नोंदणी करताना आवडीचे विषय विचारले जातात. तिथं घाईने सगळ्यांवर बोट ठेवू नका, कारण पहिल्या पानावर काय दिसणार हे त्यावरून ठरतं. सध्या हातात असलेल्या कामाशी जोडलेले तीन-चार विषय पुरे.

तीन शब्द कळले की बाकीचं आपोआप उमगतं. जतन केलेलं प्रत्येक चित्र म्हणजे पिन. पिना ज्यात राहतात तो बोर्ड. आणि बोर्डाच्या आतले कप्पे म्हणजे सेक्शन. ‘घर’ नावाचा एकच बोर्ड करून त्यात शेकडो पिना टाकल्या, तर फोनच्या गॅलरीसारखाच गोंधळ इथंही होतो. त्यापेक्षा ‘देवघर’, ‘स्वयंपाकघर’, ‘मुलांची खोली’ असे वेगळे बोर्ड करा, आणि स्वयंपाकघराच्या बोर्डात ‘ओटा’, ‘मांडणी’, ‘युटिलिटी’ असे कप्पे पाडा.

बोर्ड तयार करताना तो गुप्त ठेवण्याचा पर्याय मिळतो. घराच्या कामाचे, रुखवताचे, बारशाच्या तयारीचे बोर्ड गुप्तच ठेवावेत. अशा बोर्डावर निवडक माणसांना सोबत घेता येतं. पुण्याच्या नणंदेला आणि साताऱ्याच्या मावशीला निमंत्रण पाठवलं, की त्यांनी सुचवलेलं सगळं थेट एका जागी जमू लागेल. संगणकावर ब्राउझरला पिंटरेस्टचं बटण जोडून घेतलं, तर दुसऱ्या संकेतस्थळावरचं चित्रही तिथल्या दुव्यासकट बोर्डात टाकता येतं.

एका देवघराची निवड

समजा, सेक्टर २ मधल्या एका घराला हॉलच्या कोपऱ्यात तीन फूट रुंदीचं देवघर करायचं आहे. शोधाच्या चौकटीत आधी ‘देवघर’ लिहून पाहा, मग ‘पूजा युनिट’, मग ‘वॉल माउंटेड मंदिर’. देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे शोधा. निकाल वेगळे येतात. मागून प्रकाश सोडलेल्या जाळ्या दिसतील, घंटा लावलेली दारं दिसतील, सागवानी कोरीव कमानी दिसतील. एखाद्या चित्रातलं फक्त दार आवडलं असेल, तर चित्रावरच्या भिंगाच्या खुणेवर बोट ठेवा आणि चौकट दारापुरती लहान करा. तसल्याच दारांची इतर चित्रं समोर येतात. चित्रातून चित्र शोधण्याची ही सोय पिंटरेस्टचं सर्वात मोठं बळ आहे, कारण ज्या वस्तूला काय म्हणतात हे ठाऊक नाही तीही त्यामुळे सापडते.

त्यानंतर चित्र नीट वाचा. सजावटीच्या फोटोंत समई बहुधा न पेटवलेली असते. आपल्या घरात ती रोज लागणार असेल, तर ज्योतीच्या वर फळी किती उंचीवर आहे, धुराला वाट कुठे आहे, लॅमिनेट ज्योतीच्या किती जवळ येतं, हे पाहायला हवं. ताम्हण, निरांजन, पोथ्या यांना खण कुठे? गणपतीच्या दिवसांत मखर याच कोपऱ्यात बसणार की दुसरीकडे? पिनेला स्वतःची टीप जोडता येते. ‘दार घ्यायचं, जाळी नको, खाली दोन खण, वर दीड फूट मोकळं’ एवढं लिहून ठेवलं, की आवडलेल्या चित्राचं कामाच्या सूचनेत रूपांतर होतं. सुताराशी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये किंवा हिंदीत बोलावं लागतं, तेव्हा अशी टीप लिहिलेली पाच चित्रं पन्नास वाक्यांचं काम करतात.

स्वयंपाकघराच्या बाबतीत जास्त सावध राहावं. पिंटरेस्टवर दिसणारी कितीतरी स्वयंपाकघरं युरोप-अमेरिकेतली असतात. खोलीच्या मधोमध शेगडी, चिमणीचा पत्ता नाही, पांढऱ्याशुभ्र उघड्या फळ्या. आपल्याकडे रोज फोडणी पडते, कुकरच्या शिट्ट्या होतात, पोळ्या लाटल्या जातात. तिथं उघड्या फळीवर महिन्याभरात तेलकट थर चढतो. मुंबई-पुण्यात जिला ड्राय बाल्कनी म्हणतात, तिला बेंगळुरूत युटिलिटी म्हणतात. भांडी घासण्याची आणि धुण्याच्या यंत्राची ही जागा त्या चित्रांत नसतेच. ओट्याची उंचीही चित्रावरून ठरवू नये. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा असला, की खांदे आणि पाठ भरून येत नाही. चित्रातून कल्पना घ्यावी, माप मात्र आपल्या घरातच घ्यावं.

भिंतीवरची वारली

हॉलच्या भिंतीसाठी पिंटरेस्टवर ‘वारली’ शोधा. सोफ्यामागचे वॉलपेपर, उशांचे अभ्रे, चहाचे कप, छापील पडदे यांची रांग लागते. गोल फेर धरलेली माणसं सगळीकडे दिसतात, चित्रकाराचं नाव मात्र क्वचितच दिसतं. मुळात हे चित्र पालघर जिल्ह्यातल्या घरांच्या कुडाच्या भिंतींवरचं. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून ते उभं राहतं. लग्नात सवासिनी चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे.

या सगळ्याची ओळख पुसली जाते ती दुवा तुटल्यामुळे. कोणीतरी चित्र उचलतं, मूळ स्रोत गाळून नव्याने चढवतं, ते पुढे हजारो बोर्डांवर जातं, आणि करणाऱ्याचं नाव कायमचं मागे राहतं. म्हणून पिन जतन करण्याआधी एकदा दुव्यावर जाऊन या. मूळ पान उघडतं का? करणाऱ्याचं नाव आहे का? नसेल, तर त्याच चित्राची स्रोत असलेली दुसरी पिन शोधा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावर आणि चित्रावर हक्क सामान्यतः ते करणाऱ्याचा असतो. पाहण्यासाठी बोर्डावर जपणं वेगळं, आणि तेच चित्र छापून विकणं वेगळं. भिंतीवर वारली हवीच असेल, तर नाव शोधून थेट वारली चित्रकाराला काम द्यावं. पत्ता जपल्याचा खरा फायदा हाच.

सावध राहण्याच्या जागा

पहिली जागा जाहिरातींची. जाहिरातीच्या पिना इतर पिनांसारख्याच दिसतात, फक्त त्यांच्यावर तसा बारीक उल्लेख असतो. चित्र पाहून अनोळखी दुकानात पैसे भरण्याआधी दुकानाचा पत्ता, माल परत करण्याचे नियम आणि इतरांचे अनुभव तपासा. दुसऱ्याच्या कामाचे फोटो लावून माल विकणारेही असतात.

दुसरी जागा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांची. न पेलणारे जिने, आधाराशिवाय तरंगणाऱ्या फळ्या, अर्थ न लागणारी कोरीव अक्षरं दिसली, की समजावं की असं घर कुठेही उभं नाही. पिंटरेस्टने २०२५ पासून अशा चित्रांवर खूण दाखवायला सुरुवात केली आहे, पण प्रत्येक चित्र पकडलं जातंच असं नाही. त्याच वर्षी बदललेल्या अटींनुसार लोकांच्या सार्वजनिक पिना कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाऊ शकतात. नको असेल, तर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन नकार देता येतो. मुलांचे फोटो, दारावरची पाटी, दागिन्यांचे फोटो सार्वजनिक बोर्डावर टाकूच नयेत.

तिसरी जागा साठवणुकीच्या भरवशाची. वेबपानांच्या खुणा जपून ठेवणारं ‘डेलिशियस’ हे संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झालं आणि एके काळी फार लोकप्रिय होतं. २००५ मध्ये ते याहूने घेतलं, पुढे मालक बदलत गेले आणि शेवटी ते बंद पडलं. म्हणून जे खरोखर लागणार आहे, त्याची मापं आणि करणाऱ्याचा संपर्क वहीत किंवा स्वतःच्या संगणकावरही उतरवून ठेवा.

आपलंही काही तिथं असू द्या

खण, पैठणी, ठिपक्यांची रांगोळी, महिरप, रुखवतातल्या वस्तू, हाताने रंगवलेल्या गौरींचे मुखवटे हे करणारे हात आपल्या घराघरांत आहेत. व्यवसायासाठीचं खातं विनामूल्य आहे. आपली पिन किती जणांनी पाहिली, किती जणांनी जतन केली आणि किती जण दुव्यावरून आपल्यापर्यंत आले, हे त्यात कळतं. फोटो उभा आणि दिवसाच्या उजेडात काढलेला असावा. मथळ्यात वस्तूचं नाव मराठीत आणि रोमन लिपीतही द्यावं, वर्णनात साहित्य, माप, गाव आणि करणाऱ्याचं नाव लिहावं. इतर समाजमाध्यमांवर टाकलेला फोटो दोन दिवसांत मागे पडतो. इथं शोधातून पिन वर्षानंतरही वर येते. गौरी-गणपतीची सजावट दर भाद्रपदात नव्याने शोधली जाते, म्हणून तिची पिन दोन महिने आधी टाकलेली असावी.

आणि शेवटचं, सर्वात महत्त्वाचं. जमवणं म्हणजे ठरवणं नव्हे. प्रत्येक बोर्डाला एक तारीख द्या. त्या दिवशी बसून चाळीस पिनांच्या सहा करा, बाकीच्या काढून टाका, टिपा लिहा आणि सुताराला बोलवा. आजच एक बोर्ड उघडा, हातातल्या एकाच कामाचा. त्यात पहिली पिन टाकाल ती करणाऱ्याचं नाव असलेलीच असू द्या.