तीस वर्षे बाजूला ठेवलेले यंत्र

इगोर सिकॉर्स्की यांना हेलिकॉप्टरचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी बरोबर नाही. फ्रान्समध्ये ब्रेगे आणि जर्मनीत फोके यांची यंत्रे १९३५-३६ मध्येच उडू लागली होती. तरीही हा मान सिकॉर्स्कींना का मिळाला, याचे उत्तर त्यांच्या यशात शोधण्यापूर्वी त्यांच्या पहिल्या अपयशाकडे पाहावे लागते.

कीव्ह शहरातील या विशीच्या तरुणाने १९०९ मध्ये पॅरिसहून पंचवीस अश्वशक्तीचे अँझानी इंजिन आणले आणि घरच्या आवारात हेलिकॉप्टर उभे केले. ते जमीन सोडीना. पुढच्या वर्षी केलेले दुसरे यंत्र स्वतःचा भार कसाबसा उचलू लागले. चालकाचा भार मात्र त्याला पेलवेना. दोष हट्टाने झाकण्याचा मोह या वयात स्वाभाविक असतो. सिकॉर्स्कींनी निदान केले ते असे की, इंजिने वजनाच्या मानाने दुबळी आहेत आणि आपले ज्ञानही अपुरे आहे. त्यांनी ते यंत्र बाजूला ठेवले आणि ते विमानांकडे वळले.

ही माघार फलदायी ठरली. १९११ मध्ये कार्बुरेटरमध्ये डास अडकल्याने त्यांचे एक इंजिनी विमान अवचित खाली उतरवावे लागले. एका डासाने माणसाचा जीव धोक्यात यावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. विमानाला एकाहून अधिक इंजिने हवीत, हा विचार त्यातून दृढ झाला आणि १९१३ मध्ये त्यांचे चार इंजिनांचे प्रचंड विमान आकाशात गेले. त्यापाठोपाठ आलेल्या ‘इल्या मुरोमेत्स’मध्ये प्रवाशांसाठी बंद कक्ष आणि विजेचे दिवे होते. महायुद्ध सुरू होताच हेच विमान बॉम्ब टाकण्याच्या कामी आले, हेही विसरता येत नाही.

रशियातील क्रांतीनंतर त्यांनी देश सोडला. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेला हा नामांकित अभियंता तेथे रशियन निर्वासितांना गणित शिकवून पोट भरीत होता! १९२३ मध्ये त्यांनी एका कोंबड्यांच्या फार्मवर कारखाना थाटला. त्याला संगीतकार राखमानिनोव्ह यांनी पाच हजार डॉलरचे साहाय्य केले. १९२६ मध्ये अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेले विमान धावपट्टीवरच कोसळून दोघांचा अंत झाला. पण पुढे त्यांच्या जलविमानांनी नाव मिळविले. तो व्यवसाय मंदावला आणि १९३८ मध्ये मालक कंपनीने त्यांचा विभाग गुंडाळण्याचे ठरविले. तेव्हा सिकॉर्स्कींनी आपले निवडक सहकारी आणि जुन्या यंत्रावर काम करण्याची मुभा एवढेच मागून घेतले.

हेलिकॉप्टरचे मोठे पाते एका दिशेने फिरू लागले की, खालचा सांगाडा उलट दिशेने गरगरू पाहतो. फोके यांनी त्यावर दोन बाजूंना दोन पंखे हा उपाय योजला होता. सिकॉर्स्कींनी माथ्यावर एकच पंखा ठेवून शेपटाशी एक लहान उभा पंखा बसविला आणि ती फिरकी रोखली. बहुतेक हेलिकॉप्टरांची घडण आजही हीच आहे. जनकपदाचा खरा आधार येथे सापडतो. १४ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे ‘व्हीएस-३००’ दोरांनी जखडलेल्या स्थितीत जमिनीपासून वर उठले. चालकाच्या आसनावर पन्नाशीचे सिकॉर्स्की स्वतःच, डोक्यावर नेहमीची फेल्ट हॅट घालून बसले होते. हे वाहन चालविण्यास शिकविणार तरी कोण? पुढे बरेच दिवस ते मागे आणि बाजूला नीट जाई, पुढे जाण्यास मात्र कुरकुरे.

त्याच घडणीचे ‘आर-४’ एप्रिल १९४४ मध्ये आसामातील लालाघाट येथून निघाले आणि ब्रह्मदेशात शत्रूच्या मुलखात अडकलेला एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांच्यापर्यंत पोहोचले. उष्ण, दमट हवेत ते एका वेळी एकच माणूस उचलू शके. कार्टर हार्मन या तरुण चालकाने दोघांना बाहेर काढले तोच इंजिन तापले; उरलेल्या दोघांना दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. कीव्हच्या आवारातील जुनी अडचण संपूर्ण सुटली नव्हती, पण चौघे जिवंत परतले.

पुढे व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरांवर मशीनगन चढल्या. सिकॉर्स्की १९७२ मध्ये निवर्तले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात तराफे आणि माणसे सापडली, तेव्हा बचावासाठी गेलेली नौदलाची ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे त्यांच्याच कंपनीच्या मूळ आराखड्यावरून बनलेली होती.